जीआरईच्या लेखनात ३.० : परत परीक्षा द्यायची का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकहून मेकॅनिकल, सीजीपीए ८.१. जीआरई, म्हणजे पदवीनंतरच्या प्रवेशाची परीक्षा, ३२१, त्यात क्वांट म्हणजे गणिताचे १६७ आणि व्हर्बल म्हणजे इंग्रजीचे १५४, पण एडब्ल्यूए म्हणजे लेखनाचे फक्त ३.०. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेत जुन्या १२० च्या मापाने १०२, त्यात बोलण्याचे २५ आणि लेखनाचे २२. अमेरिकेत फॉलच्या सत्राला एमएससाठी आठ विद्यापीठांची यादी तयार आहे. क्लासवाले म्हणतात, ‘एडब्ल्यूए कुणी बघत नाही.’ तिकडचा मावसभाऊ म्हणतो, ‘साडेतीनच्या खाली असेल तर फाइल उघडतही नाहीत.’ खरं कुणाचं, आणि बावीस हजारांच्या वर फी भरून परत बसावं का?

वयाने तू माझ्या विद्यार्थ्यांएवढा, म्हणून अरे-तुरे करतो. मी मूळचा सांगलीचा. अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये एका सरकारी विद्यापीठाच्या मेकॅनिकल विभागात शिकवतो आणि विभागाच्या प्रवेश समितीवर अकरा वर्षं काढली आहेत. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत फाइलींचा ढीग, असा माझा दर जानेवारी जातो. म्हणजे पुढचं सगळं एका मध्यम दर्जाच्या विभागाच्या खिडकीतून दिसलेलं आहे. अगदी वरच्या विद्यापीठांत किंवा इतिहास, समाजशास्त्र, पत्रकारिता असल्या विभागांत हिशेब वेगळा असतो, त्याचंही पुढे येईल.

क्लासवाले आणि मावसभाऊ, दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत, कारण त्यांनी वेगवेगळी टेबलं पाहिली आहेत. अर्ज दोन टेबलांवरून जातो. पहिलं टेबल विद्यापीठाच्या ग्रॅज्युएट स्कूलचं. तिथे कारकुनी काम चालतं: गुणपत्रिका आल्या का, पदवी कुठली, टोफेल किंवा आयईएलटीएस किमान रेघेच्या वर आहे का. ही रेघ पुष्कळ ठिकाणी टोफेलला ८० च्या आसपास आणि आयईएलटीएसला ६.५ अशी असते. काही विद्यापीठं लेखन, वाचन, बोलणं यांच्या रेघा वेगवेगळ्याही ओढतात. या टेबलावर दयामाया नाही आणि चर्चाही नाही. रेघेखाली असलास तर फाइल आमच्यापर्यंत पोचतच नाही. पण ही रेघ इंग्रजीच्या परीक्षेची असते. जीआरईच्या लेखनाला इथे सहसा कुणी विचारत नाही. तुझे १०२ या टेबलावरून सहज पुढे सरकतात.

दुसरं टेबल विभागाचं, म्हणजे आमचं. शेकडो अर्ज, वाचणारे पाच-सहा जण, प्रत्येक अर्ज दोघांनी वाचायचा. एका अर्जाला माझ्याकडून दहा-बारा मिनिटं मिळतात. आधी गुणपत्रिका बघतो: गणिताचे विषय, थर्मो, फ्लुइड्स, कुठे केटी लागली, शेवटच्या वर्षात चढण आहे की घसरण. मग एसओपी, म्हणजे हेच का शिकायचंय ते सांगणारा तुझा निबंध, मग शिफारसपत्रं. जीआरई कुठेतरी एका ओळीत बसलेला असतो. तुम्ही मुलं ज्याला ‘३२१’ म्हणता ती बेरीज परीक्षा घेणारी ईटीएस ही संस्था करत नाही, ती आपली आपण करतो. त्या बेरजेत लेखन धरत नाहीत, म्हणून ते सगळ्यांच्या ध्यानातून उतरतं. पुष्कळ प्राध्यापकांच्याही. ‘कुणी बघत नाही’ हे वाक्य तिथून आलंय.

आणि साडेतीनची अफवा? तिलाही मूळ आहे. लेखनाचे गुण ० ते ६, अर्ध्या-अर्ध्या पायरीने. पण ईटीएस या गुणांचा अर्थ सांगते तो जोडीने सांगते: ५.५ आणि ६ एकत्र, ४.५ आणि ५ एकत्र, ३.५ आणि ४ एकत्र, २.५ आणि ३ एकत्र. साडेतीन-चारच्या जोडीचं वर्णन साधारण असं: विचार पुरेसा मांडलाय, रचना ठीक, भाषेवर समाधानकारक ताबा. अडीच-तीनच्या जोडीचं: काही कुवत दिसते, पण विश्लेषण तोकडं, नाहीतर रचना विस्कळीत, नाहीतर वाक्यरचनेच्या चुकांमुळे अर्थ धूसर. म्हणजे ३.० आणि ३.५ मध्ये अंतर अर्ध्या गुणाचंच असलं, तरी कागदावरचं वर्णन बदलतं. एखाद्या विभागाने आपल्या पानावर ‘३.५ अपेक्षित’ असं लिहिलं असेल तर बहुधा यामुळेच. अपेक्षित आणि अनिवार्य यांत मात्र फरक असतो. केवळ जीआरईच्या रेघेवर कुणालाही नाकारू नका, असं ईटीएस स्वतःच विद्यापीठांना सांगते. सगळे ते पाळतात असं नाही, पण आमच्याकडे ३.० म्हणून फाइल बंद केलेली मला आठवत नाही.

आता खरा मुद्दा. हा आकडा आम्ही वजनाला घेत नाही, पडताळणीला घेतो. आमची नजर त्याच्याकडे जाते ती एसओपी वाचून झाल्यावर. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तसं. अर्जातला बाकी सगळा मजकूर तू घरी बसून, चार जणांना दाखवून, महिनाभर घासून लिहिलेला असतो. परीक्षेच्या खोलीत अर्ध्या तासात एकट्याने लिहिलेलं तेवढंच एक शीत आमच्या हाती लागतं. ते शीत आणि पातेल्यातला भात एकाच तांदळाचा वाटतो का, एवढंच बघायचं असतं.

एका वर्षीचा किस्सा सांगतो. माझ्या वाटणीला आलेल्या फाइलींत भारतातल्या एकाच शहरातून तीन अर्ज होते. तिघांच्याही एसओपीची सुरुवात लहानपणी खेळण्यातली मोटार उघडून बघण्याने झाली होती. मोटारीचा रंगसुद्धा एकच, लाल. इंग्रजी असं गुळगुळीत की कुठे बोट अडकायला जागा नाही. तिघांचे लेखनाचे गुण २.५, ३.० आणि ३.०. पहिल्या दोघांबद्दल आम्ही फार बोललो नाही. तिसऱ्याबद्दल बोललो, कारण त्या लाल मोटारीनंतर चौथ्या परिच्छेदात त्याने वर्कशॉपमधल्या जुन्या लेथचा बेअरिंग-आवाज कसा मोजला ते लिहिलं होतं. त्या परिच्छेदाचं इंग्रजी वेगळंच होतं: ओबडधोबड, आर्टिकलच्या चुका, पण प्रत्येक वाक्यात काहीतरी मोजलेलं. माझी सहकारी म्हणाली, ‘हा परिच्छेद त्याने स्वतः लिहिलाय.’ त्या परिच्छेदाशी ३.० चा मेळ बसत होता. त्याला प्रवेश मिळाला. लाल मोटारीने त्याचं नुकसानच केलं, पण लेथने वाचवलं.

म्हणून सांगतो, तुझे ३.० एकटे धोकादायक नाहीत. ३.० च्या शेजारी ५.५ च्या थाटाची एसओपी ठेवलीस तर धोका आहे. तुझ्या टोफेलच्या लेखनाचे २२ आणि एडब्ल्यूएचे ३.० हे दोन आकडे एकमेकांना धरून आहेत. ईटीएसच्याच वर्गवारीत जुन्या मापाचे १७ ते २३ ही वरच्या पायरीच्या खालची पायरी, २४ पासून वरची. माझ्यासारख्या वाचणाऱ्याला यातून दिसतो तो कामापुरतं बरं इंग्रजी लिहिणारा, विषयाची मांडणी अजून कच्ची असलेला मुलगा. इंजिनिअरिंगच्या एमएसला असे निम्मे अर्ज असतात आणि त्यातले पुष्कळ जण इथे येऊन छान शिकतात. जाता जाता, नव्या मुलांसाठी एक सूचना: जानेवारी २०२६ पासून टोफेलचं माप १ ते ६ झालं आहे, तेव्हा जुन्या-नव्या आकड्यांची गल्लत करू नका.

शिफारसपत्रांचंही बोलायला हवं, कारण पितळ उघडं पडतं ते बहुतेक तिथेच. आपल्याकडची रीत मला ठाऊक आहे, मीही त्यातूनच आलोय: ‘तूच लिहून आण रे, मी सही करतो.’ सरांना वेळ नसतो, मुलाला पर्याय नसतो. मग एकच मुलगा एसओपी लिहितो आणि तीन सरांच्या नावाने तीन पत्रंही लिहितो. चारही कागदांत वाक्यांची ठेवण एक, विशेषणं एक, स्वल्पविरामाची चूकसुद्धा एक. चारही कागद तकतकीत आणि एडब्ल्यूए ३.० असेल, तर मनात येतं की चौघांच्या मागे पाचवाच कुणी बसलाय. मी कुणाला यावरून नाकारलेलं नाही, पण त्या पत्रांचा विश्वास शून्यावर येतो. म्हणजे तीन पत्रं असून नसल्यासारखी. यावर उपाय सोपा आहे. सरांना पत्र लिहून देऊ नकोस, टिपण दे. त्यांच्या हाताखाली काय केलंस, कुठे अडलास, त्यांनी काय सुचवलं, अशा आठ-दहा ओळी मराठीत दिल्यास तरी चालेल. सरांचं स्वतःचं मोडकंतोडकं पत्र आम्हाला शंभर पटींनी उपयोगी पडतं.

एआयवर लिहून घेतलेल्या एसओपीबद्दल तू विचारलं नाहीस, पण तो प्रश्न मनात असणारच. ते ओळखणारी सॉफ्टवेअर आमच्या विभागात वापरत नाहीत, कारण ती चुकतात आणि परक्या भाषेत लिहिणाऱ्यावर उगाच संशय घेतात. आम्ही आपले वाचतो. सलग साठ फाइली वाचल्या की नाकाला वास कळायला लागतो: प्रत्येक वाक्य भारदस्त, आणि पूर्ण दोन पानांत एकाही यंत्राच्या भागाचं नाव नाही, एकही आकडा नाही, एकही चूक कबूल केलेली नाही. गंमत अशी की या प्रकारामुळे अर्ध्या तासाच्या त्या निबंधाला थोडा भाव आला आहे. पूर्वी तो आकडा मी वर्षात चार वेळा बघत असेन, आता चाळीस वेळा बघतो. नुसते गुणच नाहीत, तुझा मूळ निबंधही ईटीएस विद्यापीठाला उपलब्ध करून देते. सहसा कुणी तो उघडत नाही. मी स्वतः अकरा वर्षांत वीसेक वाचले असतील, बहुतेक पीएचडीच्या अर्जांचे. पण उघडता येतो, हे माहीत असू दे.

इथे थोडं मागे जातो, कारण तुझ्या दोन सल्लागारांपैकी एकाच्या डोक्यात जुना काळ असावा. लेखनाच्या गुणांवर अमेरिकेत बारावीनंतरच्या प्रवेशात मोठा प्रयोग होऊन गेलाय. २००५ साली सॅट या प्रवेशपरीक्षेत २५ मिनिटांचा निबंध आला आणि परीक्षा १६०० ची २४०० गुणांची झाली. एमआयटीतल्या लेस पेरेलमन यांनी तेव्हाच दाखवून दिलं की निबंध जेवढा लांब तेवढे गुण जास्त, आणि लिहिलेली माहिती खोटी असली तरी गुण कापत नाहीत. कॉलेजांच्या प्रवेश अधिकाऱ्यांनाही या आकड्याचं करायचं काय ते उमगेना. २०१६ मध्ये निबंध ऐच्छिक झाला आणि परीक्षा पुन्हा १६०० वर आली. २०१८ मध्ये हार्वर्ड आणि येलने तो मागणं सोडलं, आणि जानेवारी २०२१ मध्ये सॅट घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने निबंध बंद करत असल्याचं जाहीर केलं. आता सॅटमधल्या ‘लेखन’ भागात लिहायचं काहीच नसतं, पर्यायांतून वाक्य दुरुस्त करायचं असतं. वैद्यकीयच्या एमसीएटीने लेखन २०१३ मध्येच काढलं. एमबीएच्या जीमॅटनेही २०२३ च्या नव्या रूपात निबंध गाळला. म्हणजे वारा कुठल्या दिशेला आहे ते तुला दिसतंय. जीआरईत मात्र निबंध टिकलाय, पण दोनाचा एक होऊन. सप्टेंबर २०२३ पासून दुसऱ्याचा युक्तिवाद तपासण्याचा निबंध गेला, दिलेल्या विषयावर आपली भूमिका मांडायचा ३० मिनिटांचा एकच राहिला.

निबंध एकच उरल्याचा परिणाम मुलांच्या ध्यानात येत नाही. आधी दोन निबंधांची सरासरी निघायची, एक बिघडला तर दुसरा सावरायचा. आता सगळा भार एका विषयावर आणि एका सकाळवर. तपासणारा एक माणूस आणि एक संगणकप्रणाली असते. दोघांचे गुण जुळले तर सरासरी, फार फरक पडला तर दुसरा माणूस बोलावतात. पद्धत वाईट नाही, पण अर्धा गुण इकडेतिकडे होणं हे नशिबाच्या हातात आहे. विषय ‘शिक्षणाचा हेतू’ असा आला तर तुला चार उदाहरणं सुचतील, ‘कलेला सरकारी मदत’ असा आला तर कदाचित दोनच. म्हणून ३.० आणि ३.५ मधलं अंतर मी स्वतः डोक्याला लावून घेत नाही. २.० आणि ४.० मधलं घेतो.

मग परत बसायचं की नाही? हे तू कशासाठी अर्ज करतोयस यावर आहे.

थिसिस नसलेलं एमएस, मेकॅनिकल, आणि तू लिहिलेली ती आठ नावं, एवढंच असेल तर माझं स्पष्ट मत: नको. फी जाईल ती जाईल, शिवाय तीन आठवडे जातील, आणि डिसेंबर-जानेवारीच्या मुदतींच्या तोंडावर तीन आठवडे ही मोठी रक्कम आहे. शिवाय एक खाच आहे. कुठल्या दिवसाचे गुण पाठवायचे ते तुला निवडता येतं, पण या दिवसाचा क्वांट आणि त्या दिवसाचं लेखन अशी जोडणी करता येत नाही. लेखन ४.० आलं आणि क्वांट १६३ वर घसरला तर काय पाठवशील? मेकॅनिकलच्या टेबलावर मी १६७ आणि ३.० वाली फाइल घेईन. तसा १६७ सुद्धा आपल्याकडच्या अर्जांत नेहमीचाच आहे, त्याने कुणी हुरळून जात नाही, पण १६३ ला भुवया उंचावतात.

आधी आणखी एक बघ. २०२० नंतर पुष्कळ विभागांनी जीआरई ऐच्छिक केली किंवा मागणंच बंद केलं. तुझ्या आठांपैकी किती जण खरोखर मागतात ते प्रत्येक विभागाच्या पानावर जाऊन तपास. विद्यापीठाच्या मुख्य पानावर एक असतं आणि विभागाच्या पानावर दुसरं, आणि चालतं ते विभागाचं. पाच ठिकाणी जीआरई मागत नसतील तर तुझा प्रश्न तीन विद्यापीठांपुरता उरतो, आणि तीन विद्यापीठांसाठी परत बसण्यात मला अर्थ दिसत नाही. ऐच्छिक असेल तिथे तुझा जीआरई पाठवावा असं मला वाटतं. सीजीपीए ८.१ च्या शेजारी १६७ ने आधार मिळतो, ३.० ने फारसं बिघडत नाही.

पण पीएचडीचा विचार असेल तर माझं उत्तर उलटं. तिथे अर्ज वाचणारा माणूस म्हणजे पुढची पाच वर्षं तुझे मसुदे वाचणारा माणूस. मी एकदा २.५ वाला विद्यार्थी पीएचडीला घेतला. प्रयोगशाळेत सोन्यासारखा. पहिला शोधनिबंध मात्र नऊ वेळा लिहावा लागला, त्यातले चार वेळा मी लिहिला. आज तो उत्तम लिहितो, पण तेव्हापासून पीएचडीच्या फाइलीत मी तो आकडा आधी बघतो, हे कबूल करतो. तसंच सार्वजनिक धोरण, अर्थशास्त्राच्या काही शाखा, पत्रकारिता, मानव्यविद्या, जिथे पदवीभर निबंधच लिहायचे असतात, तिथे ४.० च्या खाली असलास तर परत बसणं रास्त. ४.५ किंवा ५ आणल्याने मात्र आमच्याकडे कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. एका बैठकीत ‘याचं लेखन ५.० आहे’ असं मी कौतुकाने म्हणालो, तर अध्यक्षांनी विचारलं, ‘आणि फ्लुइड्समध्ये?’

टीए, म्हणजे प्राध्यापकाला शिकवण्यात मदत करण्याचं काम, मिळण्यावर लेखनाचा परिणाम होतो का, असंही तू विचारलंयस. नाही. टीएला वर्गात उभं राहून बोलावं लागतं, म्हणून तिथे टोफेलचं बोलणं बघतात, आणि पुष्कळ विद्यापीठांची त्यासाठी वेगळी रेघ असते. तुझे २५ काही ठिकाणी रेघेच्या वर येतील, काही ठिकाणी एक-दोन गुणांनी खाली. तिथे विद्यापीठ स्वतःची तोंडी चाचणी घेतं, ती देता येते.

तू मित्राचंही विचारलंयस, त्याचं वेगळं. त्याचे आयईएलटीएस एकूण ७.० आणि लेखन ५.५, आणि त्याला इंग्लंड-आयर्लंडला जायचंय. तिकडे पुष्कळ अभ्यासक्रमांची अट ‘एकूण ६.५ आणि कुठलाही भाग ६.० च्या खाली नको’ अशी असते. तिथे लेखनाचा बँड म्हणजे मी वर सांगितलेलं पहिलं टेबल: रेघ ती रेघ. प्राध्यापकांना मेल करून उपयोग नाही, त्यांच्या हातात नसतं. त्याच्यापुढे तीन वाटा आहेत. निकालाचं पुनर्मूल्यांकन मागता येतं, सहा आठवड्यांच्या आत, आणि बँड वाढला तर फी परत मिळते. लेखनाचा एकच भाग परत देण्याची सोयही आहे, पण ती संगणकावर परीक्षा दिलेल्यांना, साठ दिवसांच्या आत, आणि विद्यापीठ असा निकाल स्वीकारतं का हे आधी विचारून. नाहीतर पूर्ण परीक्षा. बाकीचे तिन्ही बँड सातच्या वर असतील तर मी म्हणेन एकच भाग दे. त्याला सांग, दुसऱ्या निबंधाला पहिल्याच्या दुप्पट वजन असतं, आणि बहुतेक मुलं आलेखाच्या वर्णनात पंचवीस-तीस मिनिटं घालवून दुसऱ्याला घाईने उरकतात.

समजा, पीएचडीचं मनात आहे आणि परत बसायचंच ठरलं. तर आपल्या मुलांचे गुण का जातात ते सांगतो. इंग्रजी कच्चं म्हणून कमी, शाळेतल्या निबंधाच्या सवयीने जास्त. आठवतं ना, ‘मी पंतप्रधान झालो तर’, वर एक सुविचार, मग प्रस्तावना, मग तीन मुद्दे, शेवटी समारोप. क्लासवाले त्यालाच इंग्रजी कपडे चढवून साचा बनवतात. साच्यातली पहिली सहा वाक्यं कुठल्याही विषयाला लागू पडतात, आणि तपासणाऱ्याने ती त्या सकाळी पन्नास वेळा वाचलेली असतात. जीआरईच्या विषयाखाली एक वेगळी सूचना असते: कधी ‘ही शिफारस कुठल्या परिस्थितीत फायद्याची आणि कुठल्या नाही ते सांग’, कधी ‘विरुद्ध बाजूचे मुद्दे घेऊन उत्तर दे’. साचेवाली मुलं ती सूचना वाचतच नाहीत. विषयावर लिहितात, प्रश्नावर लिहीत नाहीत.

विषयांचा सगळा साठा ईटीएसच्या संकेतस्थळावर फुकट आहे, परीक्षेला येतो तो त्यातलाच. रोज एक घे. दहा मिनिटं फक्त आपल्या मताविरुद्ध काय म्हणता येईल ते मराठीत लिही. हो, मराठीत, कारण विचार अडतो तो भाषेआधी अडतो. मग वीस मिनिटं इंग्रजीत, स्पेलचेक बंद करून, कारण तिथल्या खिडकीत स्पेलचेक नसतो. उदाहरण घेताना गांधी, आइन्स्टाइन आणि स्टीव्ह जॉब्स या तिघांना सुट्टी दे. तुझ्या कॉलेजात, गल्लीत, घरात घडलेलं एक उदाहरण नीट उलगडून लिहिलंस तर ते जास्त चालतं. तीन आठवडे असं केलंस तर ३.५ ते ४.० आवाक्यात आहे.

एसओपीत ‘माझा एडब्ल्यूए कमी का आला’ हे लिहावं का, हा तुझा शेवटचा प्रश्न. लिहू नकोस. आम्ही विचारलेलं नाही, आणि ज्याचं लक्ष गेलं नव्हतं त्याचंही तू वेधून घेशील. त्या तीन ओळींची जागा दुसऱ्या कामाला लाव. कुठल्या, ते तूच तुझ्या प्रश्नात जाता जाता लिहून गेलायस आणि तुला पत्ता नाही: अंतिम वर्षाचा प्रकल्प कांदाचाळीतल्या हवेच्या प्रवाहावर होता, पण ‘फार गावठी वाटतो म्हणून एसओपीत घेतला नाही’, त्याऐवजी इलेक्ट्रिक गाड्यांची आवड टाकली.

अरे, इलेक्ट्रिक गाड्यांची आवड माझ्या ढिगातल्या दर दुसऱ्या फाइलीत असते. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो आणि दिवाळीपर्यंत टिकवायचा असतो, त्यात सड, मोड आणि वजनातली घट असं तिहेरी नुकसान होतं, आणि हे सगळं हवा कुठून शिरते आणि कुठे कोंडते यावर ठरतं, हे अमेरिकेतल्या माझ्या एकाही सहकाऱ्याला माहीत नाही. हा उष्णता-वहनाचा आणि ओलाव्याच्या प्रवासाचा पक्का मेकॅनिकलचा प्रश्न आहे. तो तू ३.० च्या इंग्रजीत, छोट्या वाक्यांत लिहिलास तरी मी खुर्चीत सरसावून बसेन, आणि ते ३.० त्या परिच्छेदाशी जुळतील. चाळ किती फूट लांब होती, खाली फळ्या होत्या की बांबू, मोजमापं कुठल्या महिन्यांत घेतलीस, गणित आणि प्रत्यक्षात किती फरक पडला, तो का पडला असं तुला वाटतं, एवढं एका पानात बसव. आणि तापमापक कुठे लावले होतेस, ढिगाच्या वर की मधोमध? मी तरी पहिला प्रश्न हाच विचारला असता.